मालक बदलला, पण माझी वर्षं कुठे गेली?

टेबलावर दोन कागद असतात. एक राजीनामा, आधीच टाइप करून ठेवलेला, खाली सहीपुरती जागा. दुसरं नव्या कंपनीचं नेमणूकपत्र. 'काही बदलत नाही, फक्त नाव बदलतंय,' असं समोरचा अधिकारी सांगतो, आणि बहुतेक वेळा तो हे मनापासून सांगत असतो. खुर्ची तीच, यंत्र तेच, पाळी तीच, पगारही तोच. कर्मचारी दोन्हीकडे सही करतो आणि आपल्या जागी जाऊन कामाला लागतो.

पुढे तीन-चार वर्षांनी कपातीची वेळ येते, तेव्हा ज्येष्ठतेच्या यादीत त्याचं नाव तळाशी असतं. शेवटी आलेला आधी जातो हा कपातीचा जुना नियम, आणि कागदोपत्री हा माणूस शेवटी आलेला आहे. अकरा वर्षं ज्या जागी काढली तिथेच तो नवखा ठरतो. ग्रॅच्युइटी नव्या तारखेपासून मोजली जाते. साठलेली रजा 'फुल अँड फायनल'मध्ये निघून गेलेली असते. नोटिशीची मुदत आखूड झालेली असते. त्या दिवशी दोन सह्यांच्या मध्ये नेमकं काय सांडलं, हे त्याला आत्ता कळतं.

या विषयावर बोलताना आपण पगाराकडे पाहतो आणि चुकतो. मालक बदलताना पगार सहसा कमी होत नाही, कारण तो लगेच डोळ्यांत येतो. जातं ते सेवासातत्य, म्हणजे नोकरीची सलग मोजली जाणारी वर्षं. ते कुठल्याच महिन्याच्या पगारचिठ्ठीवर दिसत नाही, पण नोकरदाराची खरी पुंजी तीच असते. ती वर्षानुवर्षं थेंबाथेंबानं साठते आणि एका सहीनं रिकामी होते.

माझं म्हणणं असं आहे. धंदा विकला जावा, विलीन व्हावा, त्याचा एखादा विभाग दुसऱ्याकडे जावा, की काम एका ठेकेदाराकडून दुसऱ्याकडे जावं, प्रत्येक वेळी कर्मचाऱ्याची वर्षं कामासोबत आपोआप गेली पाहिजेत. माणसानं मात्र जायचं की नाही, हे त्याच्या मर्जीवर असलं पाहिजे. वाचताना या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध वाटतील. कायद्यांनीही फार काळ तसंच मानलं, एक दिली आणि दुसरी काढून घेतली.

मर्जीची बाजू आधी. इंग्लंडमध्ये एका खाणकामगाराचा खटला थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेला होता. नोक्स विरुद्ध डॉनकास्टर अमॅल्गमेटेड कॉलरीज, निकाल १९४०चा. तो ज्या खाण कंपनीत होता ती न्यायालयाच्या आदेशानं एका मोठ्या कंपनीत विलीन झाली. मालमत्ता, देणी, करार, सगळं नव्या कंपनीकडे गेलं. या कामगाराला ते कोणी सांगितलंही नव्हतं. पुढे तो कामावर गैरहजर राहिला आणि नव्या कंपनीनं करारभंगाची भरपाई मागितली. त्याचा बचाव साधा होता: मी तुमचा नोकरच नाही, तुमच्याशी मी करार केला कधी? लॉर्ड्सनी बहुमतानं त्याचं ऐकलं. आपण कोणाची चाकरी करायची हे ठरवण्याचा हक्क हाच नोकर आणि भूदास (जमिनीला बांधलेला, तिच्यासोबत धन्याकडे जाणारा माणूस) यांच्यातला मुख्य फरक आहे, असं न्यायमूर्ती लॉर्ड ॲटकिन यांनी त्या निकालात लिहिलं. यंत्रं, इमारती, कर्जं यांच्या यादीत माणूस बसत नाही.

हे तत्त्व आपल्याकडच्या न्यायालयांनीही मानलं. जवाहरलाल नेहरू विद्यापीठानं आपलं इंफाळचं केंद्र मणिपूर विद्यापीठाच्या हवाली केलं, तेव्हा तिथल्या एका प्राध्यापकानं विचारलं की माझी नेमणूक तर तुमची, मग मला केंद्रासोबत कसं देऊन टाकता? सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्ये त्याच्या बाजूनं निकाल दिला. नोकरीचा करार माणसाच्या संमतीशिवाय दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. २०११ मध्ये फिलिप्स इंडियाच्या विकलेल्या कारखान्याच्या प्रकरणातही न्यायालय तेच म्हणालं: दुसऱ्या व्यवस्थापनाखाली काम करण्याची सक्ती नाही, नकार देणारे भरपाईला पात्र.

इतकं वाचून वाटतं, कामगार जिंकला. पण १९४०च्या निकालाचा दुसरा अर्थ लक्षात घ्या. करार नव्या मालकाकडे जात नाही, म्हणजे जुना मालक नाहीसा झाला की करारही संपला. नव्या मालकानं ज्याला हवं त्याला घ्यावं, हव्या त्या अटींवर घ्यावं, नको असेल त्याला दारातून परत पाठवावं. नाही म्हणण्याचं स्वातंत्र्य मिळालं, पण ज्याला नाही म्हणायचं नव्हतं, ज्याला तीच नोकरी त्याच अटींवर चालू ठेवायची होती, त्याच्या हातात काहीच आलं नाही. आणि अशांचीच संख्या नेहमी मोठी असते.

भारतात ही पोकळी एका छोट्या रेल्वेनं उघडी पाडली. बार्शी लाइट रेल्वे ही खासगी कंपनीची रेल्वे. १९५४च्या पहिल्या दिवशी सरकारनं ती ताब्यात घ्यायची ठरली. कंपनीनं आदल्या नोव्हेंबरातच सगळ्या कामगारांना नोटिसा दिल्या की ३१ डिसेंबरला तुमची सेवा संपते. सरकार इच्छुकांना घेणार होतं, पण सरकारच्या अटींवर. कामगार म्हणाले, आमची सेवा संपवली, तर कपातीची भरपाई द्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि नोव्हेंबर १९५६ मध्ये कामगार हरले. कपात म्हणजे चालू धंद्यातले जादा झालेले कामगार कमी करणं, धंदाच हातातून गेला तर ती कपात नव्हे, असा अर्थ न्यायालयानं लावला. शब्दार्थ म्हणून तो तर्कशुद्धही असेल. पण जुना मालक म्हणतो धंदा माझा राहिला नाही, नवा म्हणतो तुम्ही माझे कधी नव्हतात, आणि गाडी त्याच रुळांवर धावत राहते. कामगाराच्या दृष्टीनं हे कसं दिसलं असेल!

संसदेनं मात्र लगेच पावलं उचलली. १९५७ मध्येच औद्योगिक विवाद कायद्यातलं २५-एफएफ हे कलम नव्यानं लिहिलं गेलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेच्या ७३व्या कलमात मूळ रचना तशीच ठेवली आहे. आस्थापना दुसऱ्या मालकाकडे गेली तर किमान वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला जणू त्याची कपात झाली असं समजून भरपाई मिळते, दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. मालकाला या भरपाईतून सुटायचं असेल तर तीन गोष्टी एकत्र पाळायला हव्यात: सेवेत खंड नको, नव्या अटी आधीपेक्षा कमी नकोत, आणि पुढे कधी कपात झालीच तर नव्या मालकानं जुनी वर्षं धरून भरपाई द्यायची.

कलम चांगलं आहे, पण त्याचा कल बघा. वर्षं पुढे न्यायची की रोख देऊन मोकळं व्हायचं, ही निवड दोन मालकांची. कामगाराला कोणी विचारत नाही. दहा वर्षं काम केलेल्याला या हिशेबानं दीडशे दिवसांचा पगार मिळतो, नोटिशीचा एक महिना वेगळा. दहा वर्षांच्या जागेची ही किंमत. अनकापल्लीच्या सहकारी साखर कारखान्याच्या खटल्यात १९६२ मध्ये न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांच्या पीठानं हेही स्पष्ट केलं की भरपाई घेतल्यावर नव्या मालकाकडे नोकरी मागता येणार नाही. दोन्ही मिळू नये हे मलाही पटतं. नोकरी चालू राहिली तर ती गेल्याची भरपाई कशाची? प्रश्न एवढाच की दोहोंतलं एक कोण निवडणार. पन्नाशीला टेकलेल्या, एकाच यंत्रावर आयुष्य घालवलेल्या माणसाला दीडशे दिवसांचा पगार म्हणजे पाच महिन्यांची उसंत. त्याला नोकरी हवी असते.

शिवाय हे कलम कायद्याच्या व्याख्येतल्या कामगारापुरतं. व्यवस्थापक त्यात नाहीत, आणि देखरेखीचं काम करणाऱ्यांपैकी महिना १८,००० रुपयांच्या वर पगार घेणारेही त्यातून वगळलेले. पद 'मॅनेजर' असं छापून प्रत्यक्षात कोणावरही अधिकार नसलेले हजारो लोक आज नोकरी करतात. त्यांना आपण कुठल्या बाजूला आहोत हे भांडण उभं राहिल्यावर समजतं.

युरोपनं दुसरी वाट धरली. फ्रान्समध्ये १९२८ सालीच कायदा झाला की मालकाच्या कायदेशीर स्थितीत बदल झाला तरी चालू असलेले नोकरीचे करार नव्या मालकासोबत चालूच राहतात. इटलीच्या १९४२च्या नागरी संहितेत तेच आलं, जर्मनीत १९७२ मध्ये. १४ फेब्रुवारी १९७७ रोजी युरोपीय समुदायानं सगळ्या सदस्य देशांसाठी निर्देश काढला, म्हणजे प्रत्येक देशानं आपल्या कायद्यात उतरवायचा नियम. त्यात दोन गोष्टी मुख्य आहेत. हस्तांतराच्या दिवशी करार आपोआप नव्या मालकाकडे जातो, त्यातल्या सगळ्या हक्कांसकट आणि देण्यांसकट. आणि हस्तांतर झालं एवढ्याच कारणानं कोणाला काढता येत नाही. ब्रिटननं १९८१ मध्ये त्यावरून नियम केले, २००६ मध्ये नव्यानं लिहिले.

इथे राजीनामा लिहून घेण्याची सोयच उरत नाही. करार चालूच आहे, तर राजीनामा कशाचा?

मग लॉर्ड ॲटकिन यांच्या भूदासाचं काय? आपोआप जाणं म्हणजे माणसाला मालमत्तेसोबत हलवणंच झालं, हा आक्षेप युरोपच्या न्यायालयापुढे आलाच. जर्मनीतल्या एका उपाहारगृहाचा मालक ते दुसऱ्याला चालवायला देतो. तिथला एक कर्मचारी म्हणतो, त्या माणसाकडे मी काम करणार नाही. मालक त्याला काढून टाकतो. १९९२ मध्ये न्यायालयानं सांगितलं की निर्देश कामगाराच्या रक्षणासाठी आहे, नव्या मालकाकडे जाण्याची सक्ती त्यातून काढता येणार नाही. नकार दिल्यावर काय व्हावं ते मात्र प्रत्येक देशानं ठरवावं. इथे वाटा फुटल्या. जर्मनीत लेखी माहिती मिळाल्यापासून महिन्याभरात हरकत घेता येते, आणि मग माणूस जुन्याच मालकाकडे राहतो. तिथे कामच उरलं नसेल तर पुढे त्याची नोकरी जाऊ शकते, पण ती रीतसर, कपातीचे नियम पाळून. ब्रिटनमध्ये हरकत घेतली की करार संपला, आणि ही बडतर्फीही नव्हे, म्हणून भरपाईही नाही. अटींमध्ये मोठा घातक बदल होणार असेल तर अपवाद, एरवी नाही. मला जर्मन पद्धत न्यायाची वाटते. नकाराची शिक्षा उपासमार असेल तर त्या हक्काचा उपयोग कोण करणार?

हा हक्क कशासाठी लागतो ते सीमेन्सच्या उदाहरणावरून दिसतं. २००५ मध्ये सीमेन्सनं आपला मोबाइल फोनचा विभाग तैवानच्या बेनक्यू कंपनीला दिला. कामगारांचे करार कायद्यानुसार नव्या कंपनीकडे गेले, सेवा अखंड राहिली, सगळं नियमात. सप्टेंबर २००६ मध्ये, म्हणजे वर्षभरातच, बेनक्यूच्या जर्मन उपकंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला आणि सुमारे ३,००० लोक रस्त्यावर आले. वर्षं पुढे गेली खरी, पण बुडणाऱ्या जहाजावर गेली. त्यानंतर खटले झाले ते माहितीवरून. हस्तांतराच्या वेळी दिलेलं पत्र अपुरं होतं, नव्या मालकाचं खरं चित्र त्यात नव्हतं, म्हणून हरकतीची मुदत सुरूच झाली नव्हती, असं तिथल्या संघराज्य कामगार न्यायालयानं अनेक प्रकरणांत मानलं. माहितीला एवढं महत्त्व देणारा हा विचार मला फार मोलाचा वाटतो. ज्याला नव्या मालकाची ऐपत ठाऊक नाही, त्याच्या संमतीला संमती कशी म्हणायची? आपल्याकडे हस्तांतराची बातमी कर्मचाऱ्यांना बरेचदा वर्तमानपत्रातून कळते, आणि शेअर बाजाराला ती त्यांच्या आधी कळवली जाते.

शेअरचा उल्लेख आला आहे तर सगळ्यात मोठी पळवाट इथेच सांगतो. कंपनीचे शेअर विकले गेले तर कायद्याच्या नजरेत मालक बदलतच नाही. मालक ती कंपनी, आणि कंपनी तर तीच आहे. युरोपचा निर्देश, ब्रिटनचे नियम, आपलं कलम, सगळ्यांची हीच मर्यादा. वरवर यात कामगाराचं नुकसान नाही, कारण करार जसाच्या तसा राहतो. पण २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया सरकारकडून टाटा समूहाकडे गेली तेव्हा काय झालं ते पाहा. व्यवहाराच्या अटींत एक वर्ष कपात नाही असं लिहिलेलं होतं, दुसऱ्या वर्षी कमी करायचं तर स्वेच्छानिवृत्ती देऊन. म्हणजे कर्मचाऱ्यांना जे संरक्षण मिळालं ते विकणारा आणि घेणारा यांच्या करारातून, एका वर्षाच्या बोलीवर. दुसरीकडे, काही कर्मचाऱ्यांनी पगार आणि बढतीच्या तक्रारी घेऊन खासगीकरणाच्या कितीतरी आधी उच्च न्यायालयात रिट अर्ज केले होते. असे अर्ज मुख्यतः सरकार आणि सरकारी संस्थांविरुद्ध चालतात. ते सुनावणीला आले तोवर कंपनी खासगी झालेली. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिक्कामोर्तब केलं की एअर इंडिया आता राज्यसंस्था नाही, त्यामुळे हे अर्ज चालू शकत नाहीत. इतर मार्ग खुले आहेत, हे न्यायालयानं सांगितलं. पण ज्या दारात ते वर्षानुवर्षं उभे होते ते दार बंद झालं, आणि कागदोपत्री मालक बदललेलाच नव्हता.

म्हणून मला वाटतं, किमान माहितीचं आणि सल्लामसलतीचं बंधन नियंत्रण बदललं की लागू व्हावं, मग व्यवहार शेअरचा असो की मालमत्तेचा. ब्रिटनमध्ये मालमत्तेच्या हस्तांतरात माहिती-सल्ला न दिल्यास प्रत्येक कर्मचाऱ्यामागे तेरा आठवड्यांपर्यंतचा पगार दंड म्हणून द्यावा लागू शकतो. रक्कम फार मोठी नाही, पण वकील आपल्या अशिलाला या बंधनाची आठवण करून देतो एवढी पुरेशी आहे.

आता उद्योजकांची बाजू. ते म्हणतात, आजारी कारखाना विकत घेणारा आधीच जोखीम घेतो. त्याच्या गळ्यात सगळे कामगार आणि त्यांची सगळी वर्षं बांधली तर तो येणारच नाही, आणि मग कोणाचीच नोकरी वाचणार नाही. हा युक्तिवाद पोकळ नाही. युरोपच्या न्यायालयानं १९८५ मध्येच दिवाळखोरीतली विक्री या नियमातून बाहेर ठेवली आणि पुढे निर्देशातच तो अपवाद लिहिला गेला. बुडत्या धंद्यासाठी तो असावा. पण चांगल्या चालत्या धंद्याच्या विक्रीतही हाच युक्तिवाद पुढे केला जातो, तेव्हा तो मला पटत नाही. खरेदीदार बँकेची कर्जं पाहतो, कराची थकबाकी पाहतो, चालू खटले पाहतो आणि तितकी रक्कम किमतीतून वजा करतो. वीस वर्षं काम केलेल्या माणसाचं देणं हेही तसंच मोजता येणारं देणं आहे. ते किमतीत धरलं की विकणाऱ्याला थोडे पैसे कमी मिळतील. ते न्याय्यच आहे, कारण त्या वर्षांचा फायदा त्यानंच घेतलेला असतो. ते धरलं नाही तर तेवढीच रक्कम कामगाराच्या खिशातून जाते. देणं नाहीसं होत नाही, ते सगळ्यात कमकुवत माणसावर येऊन पडतं.

आपल्या कायद्यात या विचाराचा एक नमुना पूर्वीपासून आहे. भविष्यनिर्वाह निधीच्या १९५२च्या कायद्यात १७-बी हे कलम होतं. आस्थापना विकली तर हस्तांतराच्या तारखेपर्यंतच्या थकबाकीला जुना आणि नवा दोन्ही मालक जबाबदार, मात्र नव्याची जबाबदारी त्याला मिळालेल्या मालमत्तेच्या मूल्यापुरती. कामगाराला दोन दरवाजे ठोठावता येतात, आणि खरेदीदारही मिळालं त्याहून अधिक गमावत नाही. पीएफसाठी हे सुचलं, तर ग्रॅच्युइटी आणि ज्येष्ठतेसाठी का सुचू नये?

आतापर्यंत मी कारखाने आणि कंपन्या यांच्याबद्दल बोललो. पण मालक बदलण्याचा सर्वांत मोठा रोजचा प्रकार यातला नाहीच. तो ठेक्याचा आहे. इमारतीच्या दाराशी बसणारा सुरक्षारक्षक, रुग्णालयातला सफाई कामगार, कार्यालयातला उपाहारगृहाचा आचारी. दर एक-दोन-तीन वर्षांनी निविदा निघते, ठेकेदार बदलतो. माणूस तोच राहतो, शर्टावरचं बोधचिन्ह बदलतं. त्याच दाराशी बारा वर्षं बसलेल्या माणसाची कागदोपत्री नोकरी चौदा महिन्यांची असू शकते. इथे कोणी धंदा विकलेला नसतो, दोन ठेकेदारांमध्ये कसलाच व्यवहार नसतो, एकाचा करार संपतो आणि दुसऱ्याचा सुरू होतो. म्हणून हस्तांतराचा कायदा म्हणतो, हस्तांतर झालंच नाही.

युरोपातही या प्रश्नावर न्यायालय अडखळलं. एका जर्मन शाळेच्या सफाईचं काम एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे गेलं. न्यायालयानं १९९७ मध्ये ठरवलं की नुसतं काम गेलं म्हणून हस्तांतर होत नाही, त्यासोबत महत्त्वाची साधनं गेली पाहिजेत, किंवा नव्या ठेकेदारानं जुन्यांपैकी मोठा भाग कामावर घेतला पाहिजे. सफाईच्या कामात साधनं ती काय असणार? म्हणजे सगळं येऊन थांबलं दुसऱ्या अटीवर. नवा ठेकेदार जुने लोक घेईल तर कायदा त्याला बांधणार, आणि एकालाही घेतलं नाही तर तो मोकळा. कामगाराला वाचवण्यासाठी केलेला नियम कामगाराला न घेणाऱ्याला बक्षीस देतो. २००१ मध्ये हेलसिंकीच्या बसमार्गांच्या प्रकरणात याची उलट बाजू दिसली. ठेका बदलला, आधीच्या कंपनीनं पंचेचाळीस चालकांना काढलं, त्यांतल्या तेहेतीस जणांना नव्या कंपनीनं घेतलं, पण कमी अटींवर. न्यायालय म्हणालं, बस चालवण्याच्या धंद्यात बस ही मुख्य मालमत्ता, बस तर दिल्या नाहीत, मग हस्तांतर कसलं? तेच मार्ग, तेच थांबे, तेच प्रवासी, बहुतेक चालकही तेच! २०२० मध्ये एका जर्मन बसठेक्याच्या खटल्यात न्यायालय थोडं मागे आलं. जुन्या बस नव्या मानकांत बसतच नसतील तर त्या घेतल्या नाहीत यावरून हस्तांतर नाकारता येत नाही, असं ते म्हणालं.

अमेरिकेतही हाच घोळ आहे. १९७२च्या बर्न्स खटल्यात विमान कंपनीच्या एका आवारातल्या रखवालीचा ठेका बदलला होता आणि नव्या कंपनीनं ४२ रक्षकांपैकी २७ जण जुन्या ठेकेदाराचे घेतले. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, बहुसंख्य जुने असल्यामुळे नव्या मालकाला त्यांच्या संघटनेशी बोलावं लागेल, पण जुन्या कराराच्या अटी मात्र त्याच्यावर बंधनकारक नाहीत. निम्म्याहून कमी घेतले असते तर बोलण्याचीही गरज नव्हती.

यातून बाहेर पडता येतं, आणि काही देश पडलेही आहेत. न्यूझीलंडनं २००४ मध्ये कायद्यात वेगळा भाग घातला. सफाई, खानपान, धुलाई अशी कामं, जिथे ठेका बदलला की सर्वांत आधी माणूस चिरडला जातो, तिथल्या कर्मचाऱ्यांना नव्या मालकाकडे त्याच अटींवर जाण्याचा हक्क दिला. जायचं की नाही हे ते स्वतः ठरवतात. २०२१ मध्ये त्यात सुरक्षारक्षक आले. ब्रिटननं २००६च्या नियमांत सेवेचा ठेका बदलणं हेही हस्तांतरच आहे असं सरळ लिहून टाकलं. दक्षिण आफ्रिकेत कायद्यातल्या एका शब्दावरून वाद झाला. धंदा जुन्या मालकानं द्यायला हवा, असं कलमाचं शब्दशः वाचन. ठेका बदलतो तेव्हा जुना ठेकेदार काही देत नाही, काम देणारा ते काढून घेतो, मग कलम लागू कसं? २०११ मध्ये तिथल्या घटना न्यायालयानं साउथ आफ्रिकन एअरवेजच्या प्रकरणात सांगितलं की कोणी दिलं हे पाहू नका, चालता धंदा एका हातातून दुसऱ्या हातात गेला का ते पाहा. मला हा निकाल फार आवडतो, कारण त्यात न्यायालयानं व्याकरणापेक्षा पायांखालची जमीन पाहिली.

यावर ठेकेदार विचारतात, आम्ही दुसऱ्याचे लोक का घ्यायचे, आमची निवड कुठे राहिली? मी उलट विचारतो, तुम्ही कमी दरानं निविदा भरता तेव्हा तो दर कुठून कमी होतो? यंत्र चांगलं आणलंत, कामाची आखणी सुधारलीत, तर जिंकण्याचा हक्क तुमचा. पण त्याच माणसाकडून तेच काम करून घ्यायचं आणि त्याची आठ वर्षं शून्य धरून दर पाडायचा, याला मी कौशल्य म्हणणार नाही. सगळ्यांनाच वर्षं मोजावी लागली तर सगळ्यांचा दर सारखाच वाढेल, आणि चढाओढ खऱ्या गोष्टींवर होईल. जो माणूस कामचुकार आहे त्याला रीतसर चौकशी करून काढण्याचा मार्ग नव्या ठेकेदारालाही आहेच.

आपल्याकडे ठेका कामगारांचा १९७०चा कायदा आणि त्याभोवतीचे निकाल यांचं भांडण दीर्घकाळ एकाच मुद्द्याभोवती फिरलं, मूळ संस्थेनं त्यांना कायम करावं की नाही. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्टील अथॉरिटीच्या प्रकरणात आपोआप कायम होण्याची वाट बंद केली. त्यानंतर जणू बोलायला काही उरलंच नाही असं चित्र आहे. पण कायम होणं आणि वर्षं न बुडणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर 'नाही' आलं म्हणून दुसरा सोडून देण्याचं कारण नाही. ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची अट आणि ठेका तीन वर्षांचा, तर त्या माणसाला ग्रॅच्युइटी कधी मिळणार? मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्यांना नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला आहे, हे स्वागतार्ह. मात्र त्यानं दरवेळी नवा होण्याचा प्रश्न सुटत नाही. ज्येष्ठता, रजा, कपातीतली जागा या गोष्टी तशाच शून्यावर येतात.

यासाठी संसदेची वाट पाहण्याचीही गरज नाही. सर्वांत मोठे ठेके देणारे सरकारी विभाग, महापालिका, विद्यापीठं, सार्वजनिक रुग्णालयं आहेत, आणि निविदेच्या अटी तेच लिहितात. अनामत रक्कम किती, गणवेशाचा रंग कोणता, हजेरीचं यंत्र कुठलं, इथवर त्या बारीक असतात. त्यांत एक जोडपत्र वाढवता येईल: सध्या या जागी काम करणाऱ्या प्रत्येकाचं नाव, काम, साठलेली रजा, आणि या जागी तो पहिल्यांदा कामावर आला ती तारीख. नव्या ठेकेदारानं दर भरायचा तो ही यादी वाचून, आणि जे राहू इच्छितात त्यांना त्याच तारखेनं घेण्याची हमी देऊन.